पायदुखीवर गोळी घेण्यापूर्वी...

कांदिवली, प्रतिनिधी - कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी 'स्टॅटिन' गटातील गोळी नियमित घ्यायची आणि रेल्वेचा जिना चढताना मांड्या दुखल्या, की औषधाच्या दुकानातून वेदनाशामक आणायचे, असा अनेकांचा परिपाठ असतो. ही दोन औषधे एकत्र घेणे कितपत सुरक्षित आहे?

ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांना योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल सहसा बाधत नाही. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांची गोष्ट निराळी. ती रक्तदाब वाढवू शकतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. स्टॅटिन तर हृदयाच्या रक्षणासाठीच दिलेले असते.

खरी मेख मात्र पुढेच आहे. स्नायूदुखी हा काही वेळा स्टॅटिनचाच दुष्परिणाम असतो. वेदनाशामकाने दुखणे दबते आणि शरीराने दिलेला इशाराही दबतो. क्वचित प्रसंगी स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. याच दुष्परिणामामुळे सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले.

अर्थात, प्रत्येक अंगदुखीला स्टॅटिन जबाबदार नसते. त्यामुळे गोळी परस्पर बंद करणेही धोक्याचे. दोन्ही पायांचे दुखणे रेंगाळल्यास डॉक्टरांना सांगावे. 'सीपीके' या रक्ततपासणीतून स्नायूंची हानी कळते. दुखण्यासोबत कमालीचा अशक्तपणा वा गडद तपकिरी लघवी दिसल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.