नाव घेण्यापूर्वी कागद पाहा

शेत घेताना आपण आधी सातबारा पाहतो. इंग्लंडातल्या कालव्यांवर घरासारख्या नावांत राहणारे हजारो लोक आहेत; पण नाव घेणाऱ्याला असा उतारा तिथे मिळत नाही. बहुतेक कालव्यांचा कारभार पाहणारा ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ परवाना देतो खरा. पण परवाना म्हणजे मालकी नव्हे. विक्रीनंतर तो नव्या मालकाला चालतही नाही. म्हणून सहीचे विक्रीपत्र घ्यावे, मागच्या विक्रीच्या पावत्या मागाव्यात, नावेवर कर्ज आहे का हे लेखी विचारावे. नाहीतर उद्या सावकार दारात उभा!

नव्या परवान्यासाठी तीन गोष्टी लागतात. जुन्या नावेला सुरक्षिततेचा दाखला हवा. तो ४ वर्षे चालतो. त्यात गॅस, वीज, इंधन यांची तपासणी होते. तळाचा पत्रा किती झिजला, हे मात्र तो सांगत नाही. त्यासाठी नाव पाण्याबाहेर काढून जाणकाराला दाखवावी लागते.

दुसरा विमा. दुसऱ्याच्या नुकसानीचा, निदान २० लाख पौंडांचा विमा सक्तीचा आहे. पण तेवढाच उतरवला नि आपलीच नाव बुडाली, तर हाती छदामही येत नाही.

तिसरी, नाव बांधायची कायमची जागा. ती नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे फिरत राहावे लागते. एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांहून अधिक मुक्काम नाही.

तेव्हा रंगरंगोटीला भुलू नये. आधी कागद, मग तळ, मग विमा; पैसे सर्वांत शेवटी.