एकाच रक्ताचे दोन आकडे

गतवर्षी पावसाळ्यात आम्ही एका वृद्ध आजाऱ्याच्या भेटीस गेलो असता उशाशी रक्ततपासणीचे दोन कागद दिसले. एकावर सोडियम १२६, दुसऱ्यावर १४०! रक्त एकाच दिवशी काढलेले. नेहमीची मर्यादा १३५ ते १४५. पहिल्या आकड्याने भयभीत होऊन सूनबाईंनी मिठाचे पाणी पाजण्यास आरंभ केला होता. “फादर, खोटा कागद कोणता?” या त्यांच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे डॉक्टरांकडून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चुलीत मीठ पडले की ज्वाला पिवळी होते, हे गृहिणींस ठाऊकच आहे. पूर्वी प्रयोगशाळांत याच ज्वालेची प्रखरता मोजून सोडियम ठरवीत. ज्वालांच्या रंगांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची शास्त्रशुद्ध रीत बुन्सेन व किर्खोफ यांनी १८६० च्या सुमारास जर्मनीत घालून दिली होती. आता बहुतेक ठिकाणी ज्वालेच्या जागी इलेक्ट्रोड आले आहेत.

खरी मेख पुढेच आहे. मोठ्या यंत्रांत पेशी वगळून उरलेला रक्तद्रव बहुधा आधी पातळ करतात. त्याच्या १०० भागांत सुमारे ९३ भाग पाणी आहे असे हिशेबात गृहीत असते आणि सोडियम असते ते या पाण्यात. घागरीत खडे टाकले तर पाणी कमी मावते, त्याचा खारटपणा मात्र तोच राहतो. तद्वत् रक्तात चरबी किंवा प्रथिने अतोनात वाढून पाणी ८४ भागच उरले, तर १४० च्या ठिकाणी १२६ उमटतात. ज्वालेच्या यंत्रातही हाच दोष होता. रक्त पातळ न करता थेट मोजणारे इलेक्ट्रोड या चकव्यात सापडत नाहीत. आमच्या आजोबांचा रक्तद्रव चरबीने दुधासारखा पांढुरका झाला होता. अर्थात १४० हाच आकडा खरा होता. डॉक्टरांनी मिठाचे पाणी तात्काळ थांबविले, आणि मग चरबीचा इलाज सुरू झाला.

पोटॅशियमची गोष्ट निराळी. ते बहुतांशी पेशींच्या आत कोंडलेले असते. रक्त घेताना पेशी फुटल्या, किंवा खेड्यातून निघालेली बाटली तशीच रात्रभर शीतपेटीत राहिली, की ते बाहेर झिरपते आणि उत्तम यंत्रही तो फुगलेला आकडा इमानाने छापते. तथापि ३.५ ते ५ या मर्यादेपेक्षा ते खरोखरच फार वाढले असेल तर हृदयास धोका असतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर त्याच दिवशी ताजे रक्त घेऊन पुन्हा तपासतात व हृदयाचा आलेखही काढतात.