तीन तारा आणि दोन करार

मायक्रोकंट्रोलरचे सर्किट कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला जोडायला तीनच तारा पुरतात: पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. म्हणून हे काम तारांचे आहे असे वाटते, आणि फसगत तिथूनच सुरू होते. खरा प्रश्न आहे तो दोन्ही टोकांनी व्होल्टेज आणि वेळ यांवर एकमत होण्याचा. पोर्टामागचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये आले. त्यात १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर मात्र १ म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्ट आणि ० म्हणजे शून्याच्या आसपास. आकडे तर वेगळेच, शिवाय दिशाही उलटी! थेट जोडणीत अक्षरांचा चुथडा होतो आणि पिन जळू शकते. मॅक्स२३२ ही आयसी याच अडचणीवर निघाली. पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यातून, चार कपॅसिटरच्या मदतीने, ती उणे व्होल्टेजही स्वतःच तयार करते. एरवी त्यासाठी वेगळा पॉवर सप्लाय लागे.

यावर काही जण म्हणतील की मध्ये नुसता रेझिस्टर घालून आणि प्रोग्राममध्ये बिट उलटे करून काम भागते. भागते खरे, कारण अनेक रिसीव्हर आयसी १ आणि ० यांचा निवाडा दीड व्होल्टच्या आसपास करतात. पण उणे ३ ते अधिक ३ हा पट्टा मानकाने अनिश्चित ठेवला आहे. एका कॉम्प्युटरवर चाललेली ही युक्ती दुसऱ्यावर हमखास चालेल असे नाही.

वेळेचा करार अधिक नाजूक, कारण घड्याळाची तार इथे नसतेच. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. घेणारा स्टार्ट बिट दिसताच मोजायला लागतो आणि दहाव्या बिटापर्यंत चूक साठत जाते. वेगात पाच टक्के फरक पडला की शेवटचा बिट हातचा जातो. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, तर त्याच्या नेहमीच्या टायमरमधून ९६०० च्या जवळचा वेग मिळतो तो १०४१७, किंवा फार तर ८९२९. दोन्ही निरुपयोगी. प्रयोगशाळांतल्या बोर्डांवर ११.०५९२ असा विचित्र आकडा दिसतो तो एवढ्यासाठी: त्याला भाग दिला की ९६०० बरोबर निघतात.

आता यूएसबी आहे, मग हे जुने दुखणे कशाला उगाळायचे? कारण ते गेलेले नाही, बोर्डावर सरकले आहे. मूळ आर्डुइनो उनोवर यूएसबी सांभाळणारी चिप वेगळी असते आणि ती मुख्य चिपशी याच सीरियल पद्धतीने बोलते. सुटे यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घेतले, तर ते ५ व्होल्टचे की ३.३ चे हे पाहावेच लागते. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या पिन ५ व्होल्टसाठी बनवलेल्या नाहीत. तेव्हा जोडणीआधी मल्टिमीटर घ्या आणि काहीही पाठवत नसलेल्या टीएक्स, म्हणजे पाठवण्याच्या, तारेवरचे व्होल्टेज ग्राउंडपासून मोजा. उणे आले तर ती आरएस-२३२ आहे, मध्ये आयसी हवीच.