एक, दोन, तीन... लाव!

शनिवारी संध्याकाळी आम्ही 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका एकत्र बघतो. आई-बाबा साताऱ्याला, मी श्टुटगार्टला. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणून ऑक्टोबरअखेर इकडचे काटे मागे फिरले की मी तासभर आधी बसतो. बाबांची जेवणाची वेळ हलत नाही, आणि ती हलू नये असंच मला वाटतं.

आधी दोन्हीकडे तोच भाग लावायचा, सुरुवातीच्या जाहिराती संपवायच्या आणि चित्र थांबवून ठेवायचं. आई फोन दाण्याच्या कुटाच्या बरणीला टेकवते. कॅमेरा टीव्हीकडे नाही, सोफ्याकडे. टीव्ही माझ्यासमोर आहेच, मला ही दोघं दिसायला हवीत. मग बाबा 'एक, दोन, तीन... लाव' म्हणतात. त्यांचं 'लाव' माझ्यापर्यंत यायला एक क्षण जातो, त्यामुळे मी कायम किंचित मागे असतो. माझ्या कानात हेडफोन लागतातच, नाहीतर माझ्या टीव्हीवरचे आबा टिपरे साताऱ्याच्या फोनमधून पुन्हा बोलायला लागतात.

खरी अडचण हसण्याची. व्हिडिओ कॉलची रचनाच आळीपाळीने बोलणाऱ्यांसाठी असते. आजूबाजूचा गोंगाट आणि प्रतिध्वनी काढून टाकायच्या नादात दोन्हीकडून एकदम आलेल्या आवाजांपैकी एक बऱ्याचदा दाबला जातो. बोलताना हे चालून जातं. पण हसायचं असतं ते एकदमच! मी हसलो की नेमकं आईचं हसू तुटतं. म्हणून मी आता तिचे खांदे बघतो. विनोद यायच्या आधीच ते हलायला लागतात, कारण भाग तिला पाठ आहे. बाबा मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात आणि हसता हसता आईकडे वळून बघतात. तिला कळलं ना, याची खात्री करून घेतात.

ही मालिका २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. प्रभावळकरांनी तेव्हा साठीही गाठली नव्हती, पण त्यांचे आबा चालण्या-बोलण्यात पुरते म्हातारे वाटतात. बोलायच्या आधी ते जरासे थांबतात, आणि त्या थांबण्यातच आम्हाला हसू फुटतं. एकाच छताखाली आबा, मुलगा-सून शेखर-श्यामला आणि नातवंडं शलाका-शिऱ्या. खलनायक कोणी नाही. कुरबुरी सगळ्या घरातल्याच, आणि त्या करणारी माणसं एकमेकांना सोडून जाणारी नाहीत, हे पहिल्या प्रसंगापासून कळतं. नवे विनोदी कार्यक्रमही आम्ही बघतो, पण ते बघून झाल्यावर गप्पा त्या कार्यक्रमाच्याच होतात. टिपऱ्यांनंतर त्या आमच्या घराच्या होतात.

एरवी बाबा फोनवर 'जेवलास का? थंडी किती?' एवढं विचारून फोन आईकडे देतात. टिपऱ्यांचा भाग संपला की बोलतच बसतात. मागच्या हिवाळ्यात असाच एक भाग संपल्यावर त्यांनी आजोबांचं सांगितलं. निवृत्त झाल्यावरही ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि कोणी 'कुठे निघालात?' विचारलं की रागावायचे. इतक्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. आईने मध्येच सांगितलं की तो शर्ट ती धुवायची. इस्त्री मात्र आजोबा स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाच्या हातची घडी त्यांना चालायची नाही. यावर दोघांचा वाद झाला, कारण बाबांच्या मते इस्त्री आजीच करायची. तो वाद अजून मिटलेला नाही. आत्याला विचारायचं ठरलं आहे, आणि येत्या शनिवारी तीही पुण्याहून आमच्याबरोबर बघायला बसणार आहे. तिसऱ्या घराला 'लाव' कोणी म्हणायचं, यावर बाबा आधीच विचार करायला लागलेत.