हळदीच्या जिल्ह्यात मिरचीचा फवारा

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये सौद्यासाठी ओतलेली हळकुंडं आणि कॉलेजला निघालेल्या मुलीच्या पर्समधली पेपर स्प्रेची डबी यांच्यात रसायनशास्त्राने सिद्ध केलेलं नातं आहे. हळदीतलं कर्क्युमिन आणि मिरचीतलं कॅप्सायसिन या दोन्ही रेणूंमध्ये एकाच घडणीचं कडं असतं. सहा कार्बन अणूंच्या या कड्यावर एक हायड्रॉक्सी गट असतो आणि त्याच्या शेजारी एक मिथॉक्सी गट. कर्क्युमिनला अशी दोन कडी दोन टोकांना असतात, कॅप्सायसिनला एकच, आणि त्यामागे स्निग्ध पदार्थांसारखी लांब शेपटी. दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. हळदीचा डाग आणि मिरच्या चिरलेल्या हातांची आग नुसत्या पाण्याने का जात नाही, ते यावरून कळतं. आणि तरीही हळद आपण जखमेवर दाबतो, तर मिरचीचा अर्क डोळ्यांत गेला की धडधाकट माणूस जागेवर थांबतो.

मिरचीच्या या आगीमागचं कारण १९९७ साली उलगडलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने चेतातंतूंच्या टोकांवरचा टीआरपीव्ही१ हा ग्राहक शोधला. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागली की तो उघडतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सायसिन नेमकं याच ग्राहकाला चिकटून त्याला नेहमीच्या तापमानालाच उघडतं. म्हणजे कातडी भाजलेली नसते, तरी मेंदूला ती भाजल्याची खात्री पटते. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांच्या ग्राहकावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे ते मिरच्या खुशाल खातात आणि बी दूरवर पसरवतात. झाडाने सस्तन प्राण्यांना दूर ठेवायला घडवलेलं हे अस्त्र माणसाने डबीत भरलं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

डबीत भरायला वेळ मात्र बराच लागला. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिच्यातला जहाल अर्क १८१६ साली वेगळा काढला गेला, १८७६ मध्ये त्याला कॅप्सायसिन हे नाव मिळालं आणि १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल यांनी तिखटपणा मोजायची पद्धत दिली. अमेरिकेत १९६० च्या दशकात टपाल वाटणाऱ्यांना कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी मिरचीच्या अर्काचे फवारे आले. माणसांविरुद्धचा वापर त्यानंतर रुळला. भारतात आसामच्या तेजपूर इथल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने भूत जोलोकिया मिरचीपासून जमाव पांगवण्याचे गोळे तयार केले. सर्वसामान्य बायकामुलींच्या पर्समध्ये हा फवारा पोचला तो प्रामुख्याने डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर.

तिखटाची पुडी जवळ ठेवायची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. पण पूड हातभरही नीट जात नाही, वाऱ्याने उलटून आपल्याच डोळ्यांत येते आणि पुडी सोडायलाच मोलाचे क्षण जातात. दाबाखालच्या डबीतून अर्क दोन-तीन मीटर जातो. हे अंतरच तिचं खरं बळ आहे.

डबी निवडताना वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. लाखो स्कोव्हिलचा दावा बहुधा पातळ करण्याआधीच्या अर्काचा असतो, आणि ‘दहा टक्के अर्क’ म्हणताना तो अर्क किती जहाल आहे ते सांगितलेलं नसतं. पाहायचं ते एकूण द्रावणातल्या मुख्य कॅप्सायसिनॉइड्सचं, म्हणजे कॅप्सायसिन आणि त्याच्या जातीच्या रेणूंचं प्रमाण. माणसांसाठीच्या चांगल्या फवाऱ्यांत ते अमेरिकेत ०.१८ ते १.३३ टक्के असतं. भारतातल्या डब्यांवर हा आकडा क्वचितच दिसतो, म्हणून जिच्यावर तो आहे ती डबी दोन पैसे जास्त देऊन घ्यावी असं माझं मत आहे. उत्पादनाची आणि मुदतीची तारीखही पाहावी. मुदत संपली की अर्क एकदम निकामी होत नाही, पण आतला दाब हळूहळू उतरलेला असतो आणि धार पायाशीच पडते.

फवारा धुक्यासारखा पसरणारा, सरळ धारेचा किंवा जेलचा असतो. धुकं नेम चुकला तरी लागतं, पण वाऱ्यावर उलटतं. बंद जागेत तर ते सगळ्यांनाच लागतं. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयकाच्या वेळी एका खासदाराने लोकसभेत फवारा मारला तेव्हा अनेक सदस्य खोकत बाहेर पडले, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. भरलेल्या एसटीत याहून वेगळं काय होणार? हिंगोलीतल्या मुलीचा रोजचा रस्ता म्हणजे मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बस, फाट्यावर उतरणं आणि मग ऊस-हळदीच्या वावरांमधून गावापर्यंतची चाल. उघड्यावरचा वारा आणि गच्च भरलेली बस, दोन्हींचा विचार करता तिच्यासाठी धार किंवा जेल योग्य. त्याला नेम लागतो, म्हणून नवीन डबी घेतल्यावर मोकळ्या रानात, वाऱ्याकडे पाठ करून एकदा क्षणभर दाबून पाहावी.

दप्तराच्या तळाशी गेलेली डबी संकटात सापडत नाही. फाट्यावर उतरण्याआधीच ती हातात असावी, खटका कुठल्या बाजूला सरकतो ते अंगठ्याला न पाहता कळावं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत त्याहून बराच वर जातो. दाबाची डबी ५० अंशांपुढे तापू द्यायची नसते, म्हणून डिकी ही तिची जागा नव्हे. वेळ आली तर डोळ्यांवर क्षणभर मारायचं, बाजूला सरकायचं आणि माणसं असतील तिकडे पळत सुटायचं. उभं राहून परिणाम पाहायचा नाही. दारूच्या किंवा रागाच्या भरातल्या काहींवर असर उशिरा होतो. मग ११२ ला फोन.

चुकून आपल्या डोळ्यांत गेलं तर चोळू नये. लेन्स असतील तर काढाव्यात, मोकळ्या हवेत डोळे भरपूर पाण्याने धुवत राहावं. दुधाचा उपाय सांगतात, पण २००८ च्या एका चाचणीत तो पाण्यापेक्षा सरस ठरला नाही. आग साधारण पाऊण-एक तासात ओसरते. दम्याच्या माणसाला मात्र तातडीने दवाखान्यात न्यावं.

या डबीला भारतात शस्त्रपरवाना लागत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात आणि कलम ३७ त्याला मर्यादाही घालतं: बचावाला आवश्यक तेवढीच इजा. जागेच्या वादात वापरलेल्या फवाऱ्याच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि जिवाला धोका नसताना वापरलेला फवारा घातक शस्त्र ठरू शकतो असं म्हटलं. नांदेडहून विमानाने निघालात तर डबी हातातल्या सामानात चालत नाही, आणि शिकायला ब्रिटनला जाणाऱ्या मुलीने ती घरीच ठेवावी, कारण तिथे ती जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.