पदवीधराचें परिचयपत्र



पदवीधरांनीं नोकरीसाठीं आपलें परिचयपत्र कसें लिहावें, हें सांगण्याचें काम आज एका मॅट्रिक झालेल्या निवृत्त शाळामास्तराकडे आलें आहे. यांतील विसंगति मला दिसते. परंतु माझें सारें आयुष्य दुसऱ्यांचें लेखन तपासण्यांत गेलें, आणि हल्लीं ज्यास सी. व्ही. म्हणतात तो लेखनाचाच एक प्रकार आहे. म्हणून हें धाडस करतों.

प्रथम एक कबुली देतों. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना मीं वर्तणुकीचे शेकडों दाखले लिहून दिले. प्रत्येकांत तेच तीन शब्द असत: सच्छील, होतकरू व मेहनती. ते खोटे नव्हते; परंतु सर्वांना सारखेच लागू पडत असल्यामुळें त्यांवरून कोणाचीच ओळख पटत नसे. आजच्या पदवीधरांचीं परिचयपत्रें वाचतांना माझा तो जुना अपराध मला पुन्हा भेटतो.

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो बी. कॉम. च्या परीक्षेस बसला होता. तीन महिने अर्ज करूनही त्याला कोठूनच बोलावणें आलें नव्हतें, आणि धाकट्या बहिणीच्या फीची मुदत जवळ येत चालली होती. त्याचा कागद मीं वाचला. आरंभीं कष्टाळू, जिद्दी, मनमिळाऊ हीं विशेषणें. पुढें वडिलांचें नांव, धर्म, अविवाहित असल्याची नोंद. जणूं वधूवर सूचक मंडळांत द्यावयाची माहिती!

मीं विचारलें, "पहाटे काय करतोस?"

मान खालीं घालून तो म्हणाला, "वर्तमानपत्रें टाकतों, गुरुजी. एकशें चाळीस घरीं. महिनाअखेर पैसे गोळा करून एजंटाला हिशेब देतों."

"किती वर्षें?"

"तीन."

"मग हें कागदावर कां नाहीं?"

"लाज वाटते, गुरुजी."

आम्हीं तीं सर्व विशेषणें खोडलीं आणि त्यांच्या जागीं एकच वाक्य लिहिलें: 'महाविद्यालयांत शिकत असतांना तीन वर्षें रोज पहाटे १४० घरीं वर्तमानपत्रें पोहोंचविलीं, दरमहा वर्गणी वसूल करून एजंटास हिशेब दिला.' वक्तशीरपणा, चिकाटी, पैशाच्या व्यवहारांतील चोखपणा, सारें यांत आलें. आणि आपल्या तोंडानें आपली स्तुति करण्याचा प्रसंगही टळला. म्हणून पहिला नियम असा: विशेषण खोडावें, क्रियापद लिहावें, आणि शक्य तेथें क्रियापदाशेजारीं आंकडा ठेवावा.

आतां मांडणी. नुकत्याच पदवीधर झालेल्यास एक पान पुरतें. माथ्यावर नांव, गांव, दूरध्वनि व ई-मेलचा पत्ता. मग शिक्षण, अगदीं अलीकडचें प्रथम, वर्ष व गुणांसह. त्यानंतर केलेलें काम व प्रकल्प, आणि शेवटीं भाषा, संगणक इत्यादि कौशल्यें. जात, धर्म, वैवाहिक स्थिति आणि छायाचित्र हीं मागितल्यावांचून देऊं नयेत. सरकारी नोकरीचा अर्ज मात्र त्यांच्या ठरलेल्या नमुन्यांतच भरावा.

दुसरा नियम: ज्याच्याकडे अर्ज करावयाचा त्याची गरज ओळखावी. लिओनार्दो दा व्हिंची यास आज जग चित्रकार म्हणून ओळखतें. परंतु इ. स. १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे आश्रयासाठीं त्यानें लिहिलेल्या पत्राचा जो मसुदा उपलब्ध आहे, त्यांत हलके पूल, तोफा व वेढ्याचीं साधनें यांविषयींचें आपलें ज्ञान त्यानें अगोदर क्रमवार मांडलें आहे. चित्रकलेचा उल्लेख येतो तो अगदीं शेवटीं. ज्या सत्ताधीशाला युद्धाची चिंता, त्याला प्रथम पूल हवे होते.

आजच्या अर्जदारानेंही जाहिरात दोनदां वाचावी आणि तिच्याशीं जुळणारा आपला अनुभव वर आणावा. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदां पहिली चाळणी संगणकच लावतो. म्हणून जाहिरातींतील जे शब्द आपल्या बाबतींत खरे असतील ते तसेच वापरावे. चौकटी व नक्षी टाळावी. यंत्राला ती नीट वाचतां येईलच असें नाहीं.

तिसरा नियम सत्याचा. गुणपत्रिका व पूर्वीचें काम यांची पडताळणी होते, हें एक कारण झालें. पण त्याहून जवळचें कारण मुलाखत हें आहे. जें लिहिलें त्यावर पांच प्रश्न आले तर पांचांचीं उत्तरें देतां आलीं पाहिजेत. ज्या ओळीवर तीं देतां येणार नाहींत, ती ओळ आपणच खोडावी. आणि कागद धाडण्यापूर्वीं दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा. स्वतःच्या चुका स्वतःस दिसत नाहींत.

त्या विद्यार्थ्याला पुढें एका हिशेबतपासनिसाच्या कचेरींतून मुलाखतीचें बोलावणें आलें. प्रश्न वर्तमानपत्रांच्या हिशेबावरच निघाले, आणि त्याचीं उत्तरें त्याच्याइतकीं कोणास ठाऊक असणार? नोकरी त्यानें आपल्या गुणांवर मिळविली. त्या ओळीनें केवळ दार उघडलें.

पालकांना शेवटीं एक विनंति आहे. आपल्या घरांत कोणी मुलगा वा मुलगी कोरा कागद घेऊन बसली असेल, तर 'तुला काय येतें?' असें विचारूं नका. त्या प्रश्नानें मूल गप्प होतें. 'तूं आजवर काय काय केलेंस?' असें विचारा, आणि जें तें लाजून सांगेल तें लक्षपूर्वक ऐका. लिहिण्याजोगें पुष्कळदां तेथेंच असतें.