कल्हई उडाली की…

कतारला येताना आम्ही गावाकडची पितळी पातेली हौसेने बरोबर आणली. परवा त्यांतल्या एकात केलेली चिंचेची आमटी कळकली! पाहतो तो तळाची कल्हई उडालेली. उघड्या पितळेतले तांबे व जस्त आंबटात उतरते, ते असे.

कल्हईवाला भांडे तापवून नवसागराने मळ काढतो आणि २३२ अंशांना वितळणारे कथील कापसाने आत फिरवतो. मळ राहिला तर थर धरत नाही. पण कथिलातच स्वस्त शिसे मिसळलेले असले तर? चकाकी तीच, शिसे मात्र अन्नात उतरून मुलांच्या मेंदूला अपाय करते.

म्हणून भगिनींनो, सुट्टीत कल्हई करवताना शुद्ध कथील खात्रीच्या दुकानातून स्वतः आणून द्यावे. तोवर आमटी स्टीलच्या पातेल्यातच बरी!